चक बेरीच्या गाण्यांचा हिशोब

१८ मार्च २०१७ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, आपल्या राहत्या घरी, चक बेरी हा गायक-गीतकार वयाच्या ९०व्या वर्षी वारला. ज्याला जग 'रॉक अँड रोल' म्हणतं त्या संगीताला उभं करणाऱ्या चार-पाच माणसांत त्याचं नाव घ्यावं लागतं. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स ही जगभर गाजलेली इंग्रज पोरं त्याची गाणी ऐकूनच गिटार शिकली. रोलिंग स्टोन्सची १९६३ सालची पहिली रेकॉर्ड म्हणजे चक बेरीचंच गाणं होतं.

वाचक बंधू-भगिनी विचारतील, इंग्रजी गाण्यांचं आपल्याला काय? आपल्या वस्तीत ढोलकी आहे, बेंजो आहे, कव्वाली आहे. प्रश्न रास्त आहे. पण हा माणूस सुताराच्या पोटी जन्मला, मोटारीच्या कारखान्यात राबला, इमारतीत झाडलोट केली, आणि मग स्वतः शब्द लिहून, स्वतः चाल बांधून, स्वतः वाजवून गायला. अशा माणसाच्या कष्टाचं मोल कुणाच्या खिशात गेलं, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मी बी.कॉम. झालेला, हिशोबाच्या टेबलावर बसणारा कारकून. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू बघितल्याशिवाय खातं पुरं झालं असं मला वाटत नाही. चक बेरीचंही खातं मी तसंच बघतो.

चाळीतली गिटार

त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या चाळीत. मी तेव्हा शाळकरी होतो. खालच्या मजल्यावर एक काका राहत. दिवसा ते वर्कशॉपात फिटर आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटारवाले. लग्नसराईत आणि जयंतीच्या दिवसांत त्यांना उसंत नसे. त्यांच्याकडे फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली एक जुनी कॅसेट होती. तिच्यातलं 'जॉनी बी. गुड' हे गाणं ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत आणि सुरुवातीचा तुकडा बोटांवर बसवत. मला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण गिटार सुरू झाली की पाय आपोआप हलायचा. काका म्हणायचे, "ऐक पोरा, ही गिटार वाजत नाही, बोलते. माणूस एक ओळ म्हणतो, गिटार त्याला जबाब देते."

आपल्या कव्वालीच्या सामन्यात सवाल-जबाब असतो, तसंच हे. पुढे इंग्रजी कळायला लागलं तेव्हा त्या गाण्यातली गोष्ट कळली. लुइझियाना राज्यातल्या रानात, लाकडी खोपटात राहणारा एक गरीब पोरगा. लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण गिटार अशी वाजवतो की रुळांच्या कडेने जाणारी माणसं थबकतात. त्याची आई म्हणते, एक दिवस तुझं नाव दिव्यांच्या अक्षरांत झळकेल. एवढीच गोष्ट. पण गरिबाच्या घरी जन्मलेल्या कुठल्याही गुणी पोराची ती गोष्ट आहे.

एक शब्द बदलला

या गाण्यामागे एक बाब आहे. बेरीने ते लिहिलं तेव्हा त्यातला पोरगा काळा होता, तसा शब्दच होता. पण तो शब्द ठेवला असता तर गोऱ्यांच्या रेडिओ स्टेशनांनी रेकॉर्ड वाजवली नसती. म्हणून त्याने तिथे 'गावाकडचा' असा शब्द घातला. १९५८ साली गाणं निघालं आणि देशभर वाजलं. खोली भाड्याने घेताना आडनाव गाळून सांगावं लागलेल्या माणसाला यातली कळ समजावून सांगायची गरज नाही.

पण चतुराई अशी की त्याने आपली खूण तरीही ठेवली. 'गुड' हे पोराचं आडनाव त्याने घेतलं ते सेंट लुईस शहरातल्या गुड ॲव्हेन्यू या रस्त्यावरून. त्याच रस्त्यावरच्या घरात १८ ऑक्टोबर १९२६ रोजी चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरीचा जन्म झाला. वडील सुतारकामाची कंत्राटं घेत आणि चर्चमध्ये सेवा करत. आई शिक्षण खात्यातली, मुख्याध्यापिका. वस्ती काळ्या लोकांची, पण शिक्षणाला मान देणारी. सम्नर हायस्कूल ही त्यांची नावाजलेली शाळा तिथेच. तिथल्या कार्यक्रमात १९४१ साली या पोराने प्रार्थनेच्या वळणाचं गाणं सोडून एक ब्लूज गाणं म्हटलं. शिक्षक नाराज झाले, पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याच शहरात फॉक्स नावाचं भव्य थिएटर आहे. लहानपणी वडिलांबरोबर तिथे सिनेमाला गेले असता काळे म्हणून तिकीट खिडकीवरूनच परत पाठवलं, ही आठवण बेरीने स्वतः सांगितली आहे. १९८६ साली त्याच्या साठीनिमित्त त्याच फॉक्स थिएटरात मोठी मैफल झाली. तिचा चित्रपट १९८७ साली निघाला. तिकीट नाकारलेल्या पोराच्या नावाने तिथे तिकिटं विकली गेली!

कारखाना, झाडू आणि गिटार

तरुणपण सरळ गेलं नाही. १९४४ साली, शाळा संपायच्या आतच, मित्रांबरोबर पिस्तूल दाखवून लूटमार केल्याबद्दल तो पकडला गेला आणि तीन वर्षं सुधारगृहात राहिला. १९४७ साली, २१व्या वाढदिवशी सुटला. पुढच्या वर्षी थेमेटा सग्ज हिच्याशी लग्न झालं. मग संसारासाठी मोटारीच्या कारखान्यात नोकरी, राहत्या इमारतीत सफाईचं काम, आणि केशरचनेचं रीतसर प्रशिक्षण. ते ज्या पोरो कॉलेजात घेतलं ते ॲनी मलोन या काळ्या उद्योजक बाईंनी काढलेलं. १९५० साली त्याने व्हिटियर स्ट्रीटवर एक छोटं घर घेतलं. आज ते ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेलं आहे.

१९५२ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री पियानोवादक जॉनी जॉन्सन याच्या छोट्या वाद्यवृंदात एक वादक आजारी पडला, म्हणून बदली वादक म्हणून बेरीला बोलावलं गेलं. काळ्या लोकांच्या त्या क्लबात तो गोऱ्या खेडुतांची गाणी आपल्या ढंगात म्हणायचा. लोक आधी हसले, मग नाचू लागले. पुढे गोरे लोकही ऐकायला येऊ लागले. शब्द तो स्वच्छ उच्चारायचा, एकेक अक्षर कळेल असा.

मे १९५५ मध्ये तो शिकागोला गेला. ब्लूजचे दादा कलावंत मडी वॉटर्स यांनी त्याला चेस रेकॉर्ड कंपनीकडे जायला सांगितलं. जुन्या एका लोकगीताच्या ठेक्यावर त्याने मोटारींच्या शर्यतीचं गाणं रचलं होतं. ते 'मेबेलीन' या नावाने निघालं आणि काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या, तर गोऱ्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं.

कामगाराची गाणी

त्याची गाणी पोराटोरांची, नाचण्याची असं म्हणतात. ते खरंच आहे. पण नीट ऐका. 'टू मच मंकी बिझनेस' या १९५६ सालच्या गाण्यात रोजची बिलं, गळ्यात पडणारा विक्रेता, पेट्रोल पंपावरचं राबणं, फौजेतली हाडहूड हे सगळं एकामागून एक येतं. 'स्कूल डेज' मध्ये शाळेची घंटा, मागच्या बाकावरचा खोडकर पोरगा, धावतपळत खाल्लेलं जेवण. 'ब्राउन आइड हँडसम मॅन' मध्ये डोळ्यांच्या रंगाचं नाव करून कातडीच्या रंगाची गोष्ट सांगितली आहे. बेकार म्हणून कोर्टात उभ्या केलेल्या माणसापासून ती सुरू होते.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'मेम्फिस, टेनेसी'. १९५९ साली निघालेलं. एक माणूस टेलिफोन ऑपरेटर बाईंना विनवतो आहे, मेम्फिसला फोन जोडून द्या, मरी नावाच्या मुलीशी बोलायचं आहे. आपण समजतो, प्रेयसी असेल. शेवटच्या ओळींत कळतं की मरी सहा वर्षांची आहे. त्याची लेक. आईवडील वेगळे झाले आणि बापाची पोरगी लांब राहिली. अडीच मिनिटांच्या गाण्यात एवढी मोठी गोष्ट! कामासाठी बायकापोरं गावी ठेवून मुंबईत खोली करून राहिलेली कितीतरी माणसं मी एस.टी.डी. बूथच्या रांगेत उभी राहिलेली बघितली आहेत. त्या काळी हे गाणं कळलं ते मला त्या रांगेमुळे.

आणि 'प्रॉमिस्ड लँड'. हे त्याने तुरुंगात लिहिलं, तिथल्या वाचनालयातला नकाशा समोर ठेवून. व्हर्जिनियाहून एक गरीब पोरगा कॅलिफोर्नियाला निघतो. बस, रेल्वे, शेवटी विमान. बस रॉक हिल गाव टाळून जाते आणि अलाबामात बिघडते. १९६१ साली बसमधली काळ्या-गोऱ्यांची वेगळी बसण्याची पद्धत मोडायला निघालेल्या सत्याग्रहींना याच रॉक हिलमध्ये आणि याच अलाबामात मारहाण झाली होती. गाण्यात त्याचा एक शब्द नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला गावांची नावंच पुरे.

नाव कुणाचं लागलं?

आता कारकुनाच्या कामाकडे येतो. गाण्याची रेकॉर्ड विकली गेली किंवा रेडिओवर वाजली की रचनाकाराला आणि प्रकाशकाला ठरावीक रक्कम मिळते. तिला रॉयल्टी म्हणतात. ती कुणाला मिळणार हे लेबलावर आणि नोंदणीत कुणाचं नाव आहे त्यावर ठरतं. 'मेबेलीन' बाजारात आली तेव्हा रचनाकार म्हणून बेरीच्या नावापुढे आणखी दोन नावं होती. एक ॲलन फ्रीड, रेडिओवरचा प्रसिद्ध निवेदक, आणि दुसरा रस फ्रॅटो, कंपनीच्या ओळखीतला माणूस. दोघांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आपल्याला हे नंतर कळलं, असं बेरी सांगत असे. निवेदकाला हिस्सा मिळाला की तो रेकॉर्ड जास्त वेळा लावणार, असा तो व्यवहार. ही दोन नावं निघून गाणं पूर्णपणे बेरीच्या नावावर यायला १९८६ साल उजाडलं. म्हणजे ३१ वर्षं!

१९६३ साली बीच बॉइज या गोऱ्या पोरांच्या वाद्यवृंदाचं 'सर्फिन यू.एस.ए.' गाजलं. त्याची चाल बेरीच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन' या गाण्याची होती. तिथेही नाव आणि हक्क नंतर मान्य करावे लागले.

यातून तो काय शिकला? पैसे आधी, गाणं नंतर. पुढची अनेक वर्षं तो एकटाच गिटार घेऊन प्रवास करायचा, साथीला त्या-त्या गावातले वादक घ्यायचा आणि ठरलेली रक्कम रोख हातात पडल्याशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवायचा नाही. लोक त्याला कंजूष, खडूस म्हणत. मला त्यात फसवला गेलेला कामगार दिसतो.

आमच्या चाळीतल्या काकांचंही असंच झालं. त्यांनी एका कॅसेटच्या आठही गाण्यांना गिटार दिली, दोन चाली सुचवल्या. एकदाच रोख पैसे मिळाले. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव, कंपनीचं नाव, काकांचं कुठेच नाही. उतारवयात कलावंत मानधनासाठी अर्ज भरायला मी त्यांना मदत केली, तेव्हा पुरावा काय जोडायचा हाच प्रश्न पडला. शेवटी जुनी हँडबिलं आणि मंडळांची पत्रं गोळा करून फाईल केली. गाणी वस्तीवस्तीत वाजत होती, पण कागदावर माणूस नव्हता.

नावे बाजू

पण खात्याला दुसरीही बाजू आहे. माझी लेक नववीत आहे. जुन्या बाजारातून घेतलेल्या गिटारीवर ती 'जॉनी बी. गुड' बसवते. एक दिवस तिने विचारलं, "पप्पा, हा माणूस तुरुंगात गेला होता ना? का?" मी तिला सांगितलं ते इथेही सांगतो.

डिसेंबर १९५९ मध्ये बेरीला अटक झाली. १४ वर्षांच्या एका मुलीला त्याने राज्याच्या हद्दी ओलांडून आपल्या क्लबात कामाला आणलं होतं आणि तिच्याशी शरीरसंबंध ठेवल्याचा आरोप होता. पहिल्या खटल्यातली शिक्षा रद्द झाली, कारण न्यायाधीश त्याच्या रंगावरून बोलले होते. दुसऱ्या खटल्यातही तो दोषी ठरला आणि १९६२ ते १९६३ अशी सुमारे २० महिने शिक्षा भोगली. १९७९ साली आयकर चुकवल्याबद्दल पुन्हा चार महिने. पुढे त्याच्या हॉटेलातल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात छुपा कॅमेरा लावल्याचे दावे झाले, ते पैसे देऊन मिटवले गेले.

काही चाहते म्हणतात, न्यायाधीश वर्णद्वेषी होता, म्हणून सगळं खोटं. न्यायाधीश पूर्वग्रहाचा होता हे खरं. आणि ती मुलगी १४ वर्षांची होती हेही खरं. एका खऱ्याने दुसरं खरं पुसलं जात नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करू शकत नाही, असं नसतं. आपल्या घरात, आपल्या मंडळात, आपल्या चळवळीतही हे तपासून बघावं लागतं. मोठा कलावंत आहे, आपला माणूस आहे, म्हणून मुलींनी गप्प बसावं हे मला मान्य नाही.

जॉनी जॉन्सनचंही तसंच. बेरीची कितीतरी गाणी पियानोला सोयीच्या स्वरांत आहेत, गिटारवाल्याला ती अवघड जातात. म्हणून चाली बांधण्यात जॉन्सनचा वाटा होता असं अनेक जाणकार मानतात. पुढे हा पियानोवादक वृद्धांची बस चालवून पोट भरत होता. २००० साली त्याने रचनेतल्या हक्कासाठी दावा केला. फार उशीर झाला म्हणून २००२ साली कोर्टाने तो काढून टाकला. २००५ साली जॉन्सन वारला. ज्याच्या गाण्यावर परक्यांची नावं लागली, त्याच्या गाण्यांवर जोडीदाराचं नाव लागलं नाही.

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग गाणं वाजवायचं की नाही?" मी म्हटलं, "वाजव. पण त्याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही." तिने मान डोलावली आणि तो अवघड तुकडा पुन्हा सुरू केला.

एका तबकडीवर दोघं

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. दूर कुठे कुणी असेलच, तर त्याला पृथ्वीवरची माणसं कळावीत म्हणून. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. संगीताचे २७ तुकडे आहेत. बाख आणि बीथोव्हेन आहेत, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. रॉक हे पोरकट संगीत, ते कशाला, असा आक्षेप निवडीच्या वेळी एका संगीत-अभ्यासकाने घेतला होता. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं म्हणणं पडलं की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत.

केसरबाई १८९२ साली गोव्यातल्या केरी गावी, कलावंत समाजात जन्मल्या. ज्या समाजातल्या बायकांचं गाणं ऐकायला प्रतिष्ठित लोक येत, पण त्यांना पंगतीला बसवत नसत, तो हा समाज. एकीकडे त्या, दुसरीकडे तिकीट खिडकीवरून परत पाठवलेला सेंट लुईसचा पोरगा. दोघांचा आवाज एकाच तबकडीवर, पृथ्वीपासून चोवीसशे कोटी किलोमीटरांहून जास्त अंतरावर चालला आहे. त्या यानाला जात, रंग, तिकीट काही ठाऊक नाही.

खाली जमिनीवर मात्र नोंदी आपल्यालाच ठेवायच्या आहेत. येत्या कार्यक्रमात आपल्या वस्तीत गाणी होतील. गायकाचं नाव आपण माईकवरून सांगतो. त्याबरोबर गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, बेंजोवर कोण, कोरसला कोणत्या ताई, हेही सांगा. मंडळाच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा, मानधन दिलं त्याची पावती ठेवा, हँडबिलावर सगळी नावं छापा. दोन ओळी जास्तीच्या लागतील. पुढे एखाद्या म्हाताऱ्या वादकाला अर्ज करायची वेळ आली, तर त्या दोन ओळी त्याच्या उपयोगी पडतील.